तंबोऱ्याची जवारी वेव्हटेबलमध्ये आणायची, तर सीरम, व्हायटल की सर्ज?

सीरम, व्हायटल आणि सर्ज हे संगणकावर चालणारे सिंथेसायझर, म्हणजे सिंथ. स्वतःचे वेव्हफॉर्म (ध्वनिलहरीचे आकार) चालवणारा सिंथ निवडताना बहुतेक जण तयार प्रीसेट ऐकून ठरवतात. तुम्हाला तयार प्रीसेटच वाजवायचे असतील तर ते ठीकच आहे. पण स्वतःच्या रेकॉर्डिंगमधून टेबल बनवायचे असेल, तर खरा प्रश्न वेगळा आहे. ते रेकॉर्डिंग सिंथच्या आत जाते कसे, आणि गेल्यावर त्याच्यावर हात फिरवायला किती जागा मिळते?

एकेका आवर्तनाचे वेव्हफॉर्म ओळीने मांडायचे आणि त्या ओळीतून, म्हणजे वेव्हटेबलातून, सरकत जायचे, ही कल्पना हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांनी पीपीजी या आपल्या कंपनीच्या सिंथमध्ये आणली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या पीपीजी वेव्हमध्ये एका टेबलात 64 वेव्हफॉर्म असत. आज सीरममध्ये 256 फ्रेम (एक वेव्हफॉर्म म्हणजे एक फ्रेम) मावतात आणि प्रत्येक फ्रेम 2048 सॅम्पलची, म्हणजे लहरीच्या 2048 मोजमापांची, असते. तंबोरा या पद्धतीला फार छान मानवतो. तार छेडल्यावर जवारीमुळे (तार घोडीला घासून उठणाऱ्या झंकारामुळे) वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ कंपनांच्या पटीतले सूर, हळूहळू फुलतात आणि मग विरतात. म्हणजे नाद मुळातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असतो.

अडचण कुठे येते ते पाहा. काळी एकला लावलेल्या जोडीच्या तारेची कंपने सेकंदाला साधारण 138.6 असतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिचे एक आवर्तन सुमारे 318 सॅम्पलचे होते. ही फाइल डोळे झाकून 2048 सॅम्पलच्या तुकड्यांत कापली, तर प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ साडेसहा आवर्तने जातात. सूर भलतीकडेच लागतो, आणि जिथे फ्रेमचा शेवट तिच्या सुरुवातीला जुळत नाही तिथे करकर ऐकू येते. म्हणून आधी आवर्तन ओळखायचे आणि मग ते ताणून 2048 सॅम्पलचे करायचे. हे काम कोण किती नीट करतो, यावर माझी निवड ठरते.

इथे सीरम सगळ्यांच्या पुढे आहे. एक्सफर रेकॉर्ड्सच्या स्टीव्ह ड्यूडा यांनी तो 2014 मध्ये आणला. फाइल ओढून टाकताना सुराचा माग घेत कापायचे की ठरावीक लांबीने, हे निवडता येते. नंतर एडिटरमध्ये एकेक फ्रेम उघडून हाताने रेघ ओढा, हार्मोनिक्सचे दांडे वरखाली करा किंवा सरळ गणिती सूत्र लिहा. तंबोऱ्याच्या बाबतीत मी बहुतेक फ्रेम काढून टाकतो, मोजक्या ठेवतो आणि मधल्या जागा स्पेक्ट्रल मॉर्फने (एका फ्रेमचे हार्मोनिक्स हळूहळू दुसरीच्या हार्मोनिक्समध्ये बदलणाऱ्या सोयीने) भरून घेतो. साध्या क्रॉसफेडमध्ये एक फ्रेम विरते आणि दुसरी वर येते; तेव्हा शेजारच्या फ्रेमचे फेज (लहरींचे चढउतार) जुळले नाहीत, तर काही हार्मोनिक्स एकमेकांना मारतात आणि मधेच नाद पोकळ होतो. जवारीसाठी हे घातकच.

मॅट टायटल यांचा व्हायटल 2020 चा. मूळ आवृत्ती फुकट आहे, आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: 25 आणि 80 डॉलरच्या आवृत्त्यांत प्रामुख्याने प्रीसेट आणि तयार वेव्हटेबल जास्त मिळतात, इंजिन आणि एडिटर तेच राहतात. टेबल स्वतः बनवणाऱ्याचे फुकटात भागते. ऑडिओ टाकताच तो वेव्हटेबल, व्होकोड की पिच स्प्लाइस, यांतल्या कोणत्या पद्धतीने टेबल बनवायचे, असे विचारतो. सुरेल, एकाच स्वराच्या रेकॉर्डिंगला पिच स्प्लाइस बरा. बोललेले शब्द असतील तर व्होकोड. फ्रेममधले संक्रमण स्पेक्ट्रल करायची सोय इथेही आहे. एकेक फ्रेम हाताने कोरायला मला सीरम जास्त सोयीचा वाटतो. जुन्या लॅपटॉपवर व्हायटलची हलती चित्रे जडही जातात. तरीही पहिला सिंथ म्हणून मी कुणालाही व्हायटलच सुचवेन.

सर्ज एक्सटी पूर्ण मुक्त स्रोत आहे. 2018 मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळतात. लिनक्सवर सर्ज आणि व्हायटल दोन्ही चालतात, सीरम विंडोज आणि मॅकपुरताच. सर्जमध्ये सीरमसारखी फ्रेमवर रेघ ओढायची पाटी नाही. टेबल दुसरीकडे बनवायचे आणि इथे लोड करायचे. सीरमच्या वेव्ह फाइलमध्ये फ्रेमची लांबी नोंदलेली असते, ती सर्ज वाचतो, त्यामुळे तयार टेबल बिनबोभाट उघडते.

एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरची सूट आवृत्ती तुमच्याकडे आधीच असेल, तर 10.1 पासून त्यातला वेव्हटेबल नावाचा सिंथही स्वतःची फाइल घेतो. एडिटर मात्र त्यात नाही.

पैशांचे बोलायचे तर सीरम 2 ची छापील किंमत 249 डॉलर आहे, म्हणजे आपल्याकडे वीस हजारांच्या पुढे. जुना सीरम असलेल्यांना तो मोफत मिळाला. वर्षातून एकदोनच टेबल बनवणार असाल तर हा खर्च करू नका. रोज रेकॉर्डिंग कापणाऱ्याचे पैसे मात्र वसूल होतात.

आपल्या संगीतासाठी एक मुद्दा उरतो, तो ट्यूनिंगचा. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार पाचव्या हार्मोनिकमधून येतो आणि कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचे अंतर असते) उतरता असतो. तंबोऱ्याच्या टेबलावर कीबोर्डचा शुद्ध गंधार दाबला की दोघांची लढाई ऐकू येते. व्हायटल आणि सर्ज दोघेही स्काला फाइल (स्वरांच्या जागा लिहिलेली ट्यूनिंगची फाइल) घेतात. सर्जमध्ये तर स्वरांची सेंटमधली मांडणी समोर दिसते आणि तिथल्या तिथे बदलता येते. रागाला धरून वाजवणार असाल तर टेबल व्हायटलमध्ये बनवा, फाइल बाहेर काढा आणि सर्जमध्ये वाजवा. दोन्ही मिळून एक पैसाही लागत नाही.