रेणूंचे मॉडेल किट, दोन सत्रांच्या वापरानंतर: प्रश्न कांडीच्या पकडीचा

हे लिहिण्याचे निमित्त म्हणजे कार्बनच्या एका काळ्या गोळ्याला गेलेली भेग. विद्यापीठातल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी मी हे गोळे-कांड्यांचे (गोळा म्हणजे अणू, कांडी म्हणजे बंध) किट घेतले आणि दोन सत्रे ते जवळपास रोज वापरले. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा हे रंग, कार्बनची चार भोके आणि त्यांच्यातला १०९.५ अंशांचा कोन हे सगळे वाचकांना ठाऊक आहे असे मी गृहीत धरते. मला लिहायचे आहे ते भोकात कांडी किती घट्ट बसते आणि किती काळ घट्ट राहते याविषयी, कारण माझ्या मते या किटचे खरे मोल तिथेच ठरते.

पहिल्या काही आठवड्यांत माझी तक्रार नेमकी उलट होती. कांड्या इतक्या घट्ट बसत की चार कार्बनांचा साधा ब्यूटेनचा रेणू जोडताना अंगठा दुखून येई, आणि तो पुन्हा सुटा करण्यासाठी किटमध्ये दिलेल्या प्लास्टिकच्या काढणीशिवाय गत्यंतर नसे. मात्र जोडलेली कांडी आपल्या अक्षाभोवती व्यवस्थित फिरत असे. मधल्या दोन कार्बनांच्या रेषेवरून पाहत ब्यूटेन फिरवला की अँटी (टोकाचे कार्बन विरुद्ध बाजूंना), गॉश (ते एकमेकांच्या जवळ) आणि एक्लिप्स्ड (पुढचे बंध मागच्यांना झाकणारे) ही तिन्ही रूपे एकामागून एक डोळ्यांसमोर येत, आणि न्यूमन प्रक्षेपण, म्हणजे बंधाच्या रेषेवरून दिसणारे रेणूचे चित्र, कागदावर काढणे त्यानंतर जड गेले नाही. तरीही त्या घट्टपणामुळे मी तेव्हा या किटला मध्यम दर्जाचेच म्हटले असते.

सायक्लोहेक्झेन शिकायला सुरुवात झाली आणि माझे मत बदलले. सहा कार्बनांचे वलय खुर्चीच्या रूपात जोडावे, एका कार्बनवर वरच्या दिशेला अक्षीय, म्हणजे वलयाला उभ्या, जागी क्लोरीनचा हिरवा गोळा लावावा, वलयाचे एक टोक खाली आणि समोरचे टोक वर दाबून खुर्ची उलटवावी. हिरवा गोळा अक्षीय जागा सोडून बाजूच्या, म्हणजे इक्वेटोरिअल, जागी येतो. पण वलयाच्या ज्या अंगाला तो होता त्याच अंगाला राहतो. ‘वर’ असणे आणि ‘अक्षीय’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य व्याख्यानात कितीही वेळा ऐकले तरी हातात वलय उलटल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. उलटताना सगळ्या सांध्यांवर ताण येतो, तो बोटांना जाणवतो, आणि खऱ्या रेणूलाही यासाठी सुमारे ४५ किलोज्यूल प्रति मोल इतका ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो हे आठवते. नवीन असताना या किटमधली एकही कांडी त्या ताणाने निसटली नाही. ज्या घट्टपणाला मी नावे ठेवत होते, तोच या किटचा सर्वांत मोठा गुण होता.

याचे महत्त्व सर्वांत जास्त कळले ते १,२-डायमिथाइलसायक्लोहेक्झेनमुळे, म्हणजे वलयातल्या शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक मिथाइल गट असलेल्या रेणूमुळे. सिस रेणूचे (दोन्ही मिथाइल वलयाच्या एकाच अंगाला) दोन नमुने करावेत, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले. खुर्चीच्या स्थितीत ते एकमेकांवर बसत नाहीत. पण त्यांतला एक उलटवला की तो दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. ट्रान्सच्या (मिथाइल विरुद्ध अंगांना) जोडीत मात्र वलय कितीही उलटवले तरी एकाचा दुसरा होत नाही. तिथे एखादा बंध तोडावाच लागतो. काँफर्मेशन आणि काँफिगरेशन यांतला सगळा फरक या दोन जोड्यांत आहे: बंध न तोडता जे होते ते पहिले, बंध तोडल्याशिवाय जे होत नाही ते दुसरे. आता विचार करा की उलटवतानाच एका कार्बनवरची मिथाइलची आणि हायड्रोजनची कांडी निसटली आणि घाईत दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. ट्रान्सचा सिस होतो, आणि हातातल्या मॉडेलकडे पाहून हे घडल्याचे कळायला काही मार्ग राहत नाही. जिथे रसायनात बंध तुटतो तिथेच मॉडेलमधली कांडी निघाली पाहिजे. एसएन२ विक्रियेचा, म्हणजे एक गट निघत असतानाच दुसरा मागून येऊन बसतो त्या विक्रियेचा, सराव करताना मी मुद्दाम ब्रोमीनची कांडी काढते, मागच्या बाजूने हायड्रॉक्सिल लावते आणि उरलेले तीन गट वाऱ्याने उलटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे पलीकडे वळवून बसवते. १८९६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वाल्डेनने दाखवलेली उलट ती हीच. तिथे कांडी निघणे हाच धडा असतो, वलय उलटवताना मात्र तेच मॉडेल खोटे बोलू लागते.

आणि माझे किट आता तसे बोलू लागले आहे. दुसऱ्या सत्रात अल्कीन, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचे रेणू, आले. दुहेरी बंधासाठी दोन वाकड्या, लवचीक कांड्या वापराव्या लागतात, आणि त्या भोकात सरळ न बसता भोकाची कड बाहेरच्या बाजूला रेटत राहतात. तेच तेच कार्बन अल्कीनसाठी वापरले गेल्याने त्यांची भोके लांबट होत गेली. पुढे लहान वलयांनी उरलेसुरले काम केले. सायक्लोप्रोपेनमध्ये वलयातला कोन ६० अंशांवर येतो आणि तो सगळा ताण भोकांच्या कडांवर पडतो. शेवटी एका गोळ्यावर दोन भोकांना जोडणारी केसाएवढी बारीक भेग दिसू लागली. कांडी घातली की ती रुंदावते, काढली की मिटते.

हा नुसता प्लास्टिकचा दोष म्हणून मी सोडून देऊ शकत नाही. १८६५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने लंडनच्या व्याख्यानात क्रोके या खेळाचे रंगीत चेंडू वापरून रेणू दाखवले, तेव्हा त्याच्या कार्बनच्या चारही कांड्या एकाच प्रतलात होत्या. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे चतुष्फलकाची, म्हणजे कार्बनचे चार बंध चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या कोपऱ्यांकडे जातात ही, कल्पना मांडली, आणि आज आपल्या किटमधल्या कार्बनची भोके त्या दिशांना पाडलेली असतात. म्हणजे त्या काळ्या गोळ्यात सिद्धान्त असा कुठे असेल तर तो भोकांच्या दिशांतच आहे. भोक सैल झाले की कोन जातो, आणि कोन गेला की हातात उरतो तो फक्त रंगीत गोळा.

मी विक्रेत्याला भेगेचे छायाचित्र पाठवून सुटे कार्बन मागितले. सुटे भाग विकत नाही, नवीन संच घ्यावा, असे उत्तर आले. मूठभर काळ्या गोळ्यांसाठी, बाकी सगळे धड असताना, पूर्ण संच पुन्हा घेणे मला पटत नाही, असे मी सविस्तर कळवले. त्यावर बऱ्याच दिवसांनी एक पाकीट आले आणि त्यात हायड्रोजनचे पांढरे गोळे निघाले. हायड्रोजनला एकच भोक असते, त्यावर कधी वाकडा ताण येत नाही, आणि किटमध्ये ते आधीच गरजेपेक्षा जास्त असतात. याचा मला मनापासून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दरम्यान मी कार्बनची वाटणी करून टाकली आहे. पकड शाबूत असलेले गोळे वलयांसाठी आणि काइरल केंद्रांसाठी (चार वेगवेगळे गट असलेल्या कार्बनांसाठी) राखून ठेवते; सैल झालेले मिथाइल गटांच्या टोकांना लावते, कारण तिथे तीन सारखेच हायड्रोजन असतात आणि त्यांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. कांडीच्या टोकाला नळाच्या जोडणीची पातळ टेफ्लॉन पट्टी एक वेढा गुंडाळली तर लांबट भोकातही ती बऱ्यापैकी धरते. भेग गेलेल्या गोळ्याला मात्र हा उपाय लावू नये, भेग वाढते.

बाकीच्या उणिवा मला फारशा बोचल्या नाहीत. बेंझीन एकेरी-दुहेरी बंधांचा दिसतो, प्रत्यक्षात सहाही बंध सुमारे १३९ पिकोमीटरचे असतात. विक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारे बाण कागदावरच शिकावे लागतात. इथेन कोणत्याही कोनात सारख्याच सहजतेने फिरतो, खरे तर एक्लिप्स्ड स्थितीपाशी सुमारे १२ किलोज्यूलचा चढ असतो. फोनवरची ॲप्स रेणू सुंदर फिरवून दाखवतात, पण मी पाहिलेल्या कुठल्याही ॲपमध्ये वलय उलटताना बोटांना विरोध होत नाही, म्हणून ती किटची जागा घेऊ शकली नाहीत.

किट घेणार असाल तर गोळ्यांची एकूण संख्या पाहण्यात वेळ घालवू नका. कोणाकडे तेच किट वर्षभर वापरलेले असेल तर ते मागून घ्या, त्यातल्या जुन्या कार्बनांचा सायक्लोहेक्झेन जोडा आणि खुर्ची सलग काही वेळा उलटवून बघा. एकही कांडी निसटली नाही तर ते घेण्यासारखे आहे. आणि काळे गोळे सुटे मिळतात का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.