पाचवड का पाचवड फाटा? हायवेवरच्या गाडीवाल्यांसाठी ऑर्गॅनिक मॅप्सचा रिव्ह्यू

मी वाळवा तालुक्यातल्या नर्सरीतनं उसाची रोपं पिकअपमधनं पोचवतो, म्हणजे रोज पुणे-बंगळूर हायवेच, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा आणि परत. चार महिने झाले ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप वापरतोय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतं. पण मला ते आवडलं ते दुसऱ्याच कारणानं.

आधी झालं ते सांगतो. आडसाली लागणीचे दिवस, पाऊस लांबलेला, ऊन कडक. एका काकांची ऑर्डर होती, म्हणाले पाचवडला या, मी फाट्यावर उभा राहतो. तेव्हा मी दुसरं एक ॲप वापरायचो, नाव नको, त्यात पाचवड टाकलं आणि पहिलाच ठिपका आला कराडच्या अलीकडं, गावाचं नाव असतं तसाच टाईप, तसाच ठिपका. गेलो, थांबलो, फोन लावला.

"काका, फाट्यावर उभा हाय."
"आरं मी बी फाट्यावरच हाय, पुलाखाली. तुझी गाडी दिसंना."
"कराडच्या अलीकडं ना काका?"
"कराड? आरं बाबा, आमचं पाचवड वाई तालुक्यातलं, साताऱ्याच्या पुढं!"

म्हणजे अजून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. मागं ताडपत्री उचलून बघितलं तर कडेच्या ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पांढरं पडायला लागलेलं, पानं सुरळीसारखी वळलेली. ढाब्यावरनं दोन कॅन पाणी घेतलं आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं एकेक ट्रे भिजवला, मग निघालो. पोचलो तेव्हा लागणीला आलेल्या बाया बांधावर नुसत्या बसून होत्या आणि त्यांची मजुरी काकांच्या अंगावर पडली. मला ते फार लागलं, कारण काकांनी पत्ता बरोबर सांगितलेला.

वाई तालुक्यातलं पाचवड हे नांदतं गाव आहे. कराडजवळचा पाचवड फाटा म्हणजे हायवेवरनं उतरायची जागा. फाटा, नाका, चौक ही जागेची नावं असतात, तिथं गाव असेलच असं नाही, आणि ते सगळं एकाच ठिपक्यात दाखवलं की गाडीवाला फसणारच.

ऑर्गॅनिक मॅप्समधे नाव शोधलं की त्याच्या खाली तो प्रकार काय आहे ते लिहून येतं, गाव, वस्ती, बसस्टॉप, पेट्रोल पंप, आणि शेजारी किती किलोमीटर लांब ते. एवढ्या एका ओळीनं माझं काम झालंय. एका नावाचे दोन-तीन रिझल्ट आले तरी मी आता प्रकार आणि अंतर वाचल्याशिवाय बोट लावत नाही.

ह्याचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून चालू आहे, कुणीही खातं उघडून दुरुस्ती करू शकतं. तिथं लोकवस्तीला व्हिलेज (गाव) किंवा हॅम्लेट (वाडी) असा शिक्का लागतो, आणि नाव आहे पण राहतं कुणी नाही अशा जागेला लोकॅलिटी. हायवेच्या पाटीवरचा मजकूर वेगळा, तो उतरणाऱ्या रस्त्याला डेस्टिनेशन म्हणून जोडायचा, म्हणजे पाटी सांगते रस्ता कुठं जातो आणि ठिपका सांगतो माणसं कुठं राहतात. हे कळल्यापासून मला हायवे वेगळाच दिसायला लागलाय.

खंबाटकी बघा, सगळ्यांच्या तोंडात नाव, पण तो घाट आहे, गाव नाही. साताऱ्यात लोक बॉम्बे रेस्टॉरंटला उतरतात, तो चौक आहे, नवीन माणूस जेवायचं हॉटेल शोधत बसतो. पेठ नाक्यावरनं आपण इस्लामपूर (आता ईश्वरपूर)-सांगलीला वळतो, पण पेठ हे स्वतः गाव आहे, नाका त्याचा. सज्जनगड किल्ला, वर समर्थांची समाधी आणि मठ, पायथ्याचं गाव परळी. सागरेश्वर म्हटलं की देवळं आणि अभयारण्य, ऑर्डर असते ती देवराष्ट्र्याची, यशवंतरावांचं जन्मगाव.

काही जण म्हणतात सरकारी यादी बघा की. बघतो मी, पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांना कोड असतात. पण आमच्याकडं निम्मी माणसं मळ्यात नाहीतर वाडीवर राहतात आणि प्रत्येक मळ्याला काही वेगळा कोड नसतो. आणि उलटंही असतं, महसुली कागदात नाव आहे पण शेरा बेचिराख, एक घर नाही. म्हणून मी साधं विचारतो, तिथं रात्री चूल पेटते का, झेडपीची शाळा आहे का, पाण्याची टाकी आहे का. असलं तर ते गाव किंवा वस्ती, मग पाटीवर नाव असो नसो.

कमी काय, तर लाइव्ह ट्रॅफिक दिसत नाही, खंबाटकीत गाड्या तुंबल्या की ह्याला कळत नाही, त्यासाठी मी पुढं गेलेल्या ड्रायव्हरला फोन लावतो. आणि नकाशा लोकांनी भरलाय तेवढाच भरलेला असणार, म्हणून आता रोपं उतरवून झाली की शेतकऱ्यालाच विचारतो तुमच्या वस्तीचं नाव लोक काय घेतात, आणि रात्री घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर टाकतो. आत्तापर्यंत सात वस्त्या झाल्या, पहिली त्या काकांची.