एमटीटी किट: सोन्याच्या नॅनोकणांसाठी जपून

पेशी किती जगल्या हे पाहायला एमटीटी किट स्वस्त आणि सोपं. पण सोन्याच्या नॅनोकणांसाठी एकट्या त्यावर विसंबू नका. गोलसर कण स्वतःच 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात; गुठळ्या झाल्या की शोषण 570 कडे सरकतं, नेमकं जिथे फॉर्मझान (जिवंत पेशी एमटीटीपासून बनवतात ते जांभळं रंगद्रव्य) मोजायचं तिथेच. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात! म्हणून पेशींविना फक्त कण घातलेले वेल (प्लेटमधले खळगे) हवेतच. डीएमएसओ या द्रावकात फॉर्मझानचे स्फटिक विरघळले की प्लेट सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून कण तळाशी बसवून) वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घ्या. नॅनोरॉडवर (दांड्यासारख्या कणांवर) ते बनवताना वापरलेलं सीटॅब हे साबणासारखं रसायन उरलं असेल तर पेशी सोन्याने नव्हे, त्यानेच मरतात. कण धुतल्यावरचं शेवटचं पाणीही वेगळं तपासा. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) या किटला कळत नाही, त्याची चाचणी स्वतंत्र.