पहिला मेटल डिटेक्टर : बालाघाटच्या काळ्या मातीतला अनुभव

माझ्या मेटल डिटेक्टरच्या बॅटरीची टोपी तुटली म्हणून हे लिहायला बसलो. टोपी म्हणजे नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर बसते ती दोन बटणांची, लाल-काळ्या वायरची क्लिप. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात चहाच्या पैशात मिळते. कंपनीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "सर, ओरिजिनल पॅकिंगमध्ये पूर्ण मशीन पाठवा, कुरिअर चार्ज तुमचा." त्या कुरिअरच्या पैशात क्लिपांचं अख्खं पाकीट येतं. आणि ओरिजिनल पॅकिंग आईने केव्हाच लसूण ठेवायला घेतलंय.

अंबाजोगाईत माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. तांब्याची तार आणि वेढे यांच्यातच दिवस जातो, त्यामुळे कॉइलवर चालणाऱ्या वस्तूचं कुतूहल पहिल्यापासून होतं. इंग्लंडातले लोक शेतात मशीन फिरवून नाणी काढतात ते व्हिडिओ बघून बघून शेवटी साडेआठ हजारांचं एक मशीन मागवलं. काटा, तीन गुंड्या, गोल कॉइल. कॉइल म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची वेढ्यांची चकती; ती धातूवरून गेली की आवाज येतो आणि काटा हलतो.

आधी बॅटरी. साधी नऊ व्होल्टची बॅटरी सकाळी घातली की दुपारी मान टाकते. बरं, एकदम बंद पडली तर कळेल तरी. तसं होत नाही. आवाज येत राहतो, काटा हलत राहतो, फक्त धातू ओळखायची खोली कमी कमी होत जाते आणि आपण रिकाम्या रानात निवांत हेलपाटे घालत राहतो. अल्कलाइन घातली तर टिकते, पण तिची किंमत ऐकून दुकानदाराकडे दोनदा बघावं लागतं. मग यूएसबीवर चार्ज होणारी लिथियमची आणली. तिच्या आत व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. ते इतकी गडबड करतं की मशीन हवेत धरलं तरी किरकिरतं. ती आता मल्टिमीटरला लावलीय. निकेलवाली चार्जेबल बॅटरी बहुतेक वेळा ८.४ व्होल्टचीच असते, म्हणजे काटा पहिल्यापासूनच अर्धमेला.

टोपी तुटल्यावर नवी जोडलीच नाही. पेन्सिल सेल बसतात तो सहा खणांचा होल्डर आणला. सहा गुणिले दीड, नऊ. चौकोनी अल्कलाइन बॅटरीत पाचशे मिलिअँपिअर-अवरच्या आसपास दम असतो, पेन्सिल अल्कलाइनमध्ये दोन हजारांच्या वर. होल्डर खणात मावत नाही, म्हणून कोपराच्या मागे दांड्याला पट्ट्याने बांधला. सेलचं कवच लोखंडी असतं, तेव्हा कॉइलच्या जवळ बांधू नका, कोपरापाशीच ठेवा. आणि गंमत अशी की मागे वजन आल्यामुळे मशीनचा तोल सुधारला. आधी मनगट भरून यायचं, आता येत नाही. हे एवढं साधं काम कारखान्यात कुणाला सुचू नये? साडेआठ हजार घेता आणि पन्नास रुपयांचा होल्डर देत नाही!

आता मातीकडे येतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने इकडे फक्त एक गोष्ट बघावी, ती म्हणजे ग्राउंड बॅलन्सची गुंडी, मातीचा स्वतःचा आवाज गप्प करायची. खोक्यावर लिहिलेली खोली विसरा. आपली काळी माती बसाल्टची, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाची झालेली, आणि त्या दगडात मॅग्नेटाइट असतं. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक ओढ्याच्या वाळूतून ओढा. बाहेर काढल्यावर त्याला काळ्या कणांची दाढी आलेली असते, फुंकर मारली तरी झडत नाही, एकेक कण उभा राहून थरथरतो. मशीनला हे सगळं ऐकू येतं. बॅलन्सची सोय नसलेलं स्वस्तातलं मशीन आमच्या गल्लीतल्या एकाने घेतलं होतं, ते प्रत्येक काळ्या धोंड्याला आरोळी ठोकायचं. शेवटी त्याने सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवली की पायाखालचं खुरपंसुद्धा सापडेना.

सुरुवातीचे काही महिने मी या गुंडीला शिव्या घालत होतो, हे आपोआप का होत नाही म्हणून. माझं मत बदललं ते बांधाजवळ. आमच्या रानात एकाच वावरात वर मुरूम, मधे काळी आणि खाली ओढ्याकडे चोपण, म्हणजे खारवट घट्ट माती आहे. कॉइल गुडघ्यापासून जमिनीच्या बोटभर वर आणायची, परत उचलायची, आणि वर-खाली दोन्हीकडे आवाज सारखा होईपर्यंत गुंडी फिरवायची. धातू नसलेल्या जागी करायचं, एवढंच पथ्य. पट्टा बदलला की परत जुळवायचं. हातात बसलं की दोन-तीन हेलकाव्यांत होतं. गॅरेट कंपनीच्या एस (ACE) ३०० मशीनमध्ये ही गुंडी नाही, ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. नोक्ता कंपनीच्या सिम्प्लेक्समध्ये बटण दाबून होतो आणि बॅटरीही आतच चार्ज होते, पण त्या मशीनची किंमत माझ्या ऐपतीतली नव्हती. ज्यांना परवडतं त्यांनी कॉइल तेवढी डीडी, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराच्या दोन वेढ्यांची बघावी, आपल्या मातीत ती कमी बडबड करते.

खोलीचं खरं सांगायचं तर नाणं असेल तर चार बोटांपासून फार तर वीतभर. पाऊस पडून माती मुरली की जरा बरं चालतं. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा बारीक वस्तू भेगेतून कुठे जाते ते तिलाच माहीत.

आणि लाईट. ११ केव्हीच्या तारेखाली गेलं की काटा नाचायला लागतो. शेताची थ्री फेज बंद झाली की मशीन शहाणं होतं, त्यामुळे महावितरणचं वेळापत्रक मी आता उलट्या बाजूने वाचतो. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं विजेचं झटका मशीन शेजारी असेल तर टक्, टक्, टक् असा ठेका मिळतो. शेजाऱ्याला ते बंद करा म्हणायची सोय नाही, त्याचा भुईमूग आहे.

लोखंड गाळायची गुंडी, डिस्क्रिमिनेशन, मला आधी फार आवडली होती. बैलाच्या खुरांच्या पत्र्या, खिळे, कुंपणाच्या तारेचे तुकडे, नांगराचे बोल्ट यांनी आपली रानं भरलेली आहेत, ते सगळं गप्प होतं. मग जत्रेनंतरच्या मोकळ्या जागेत फिरलो तर रुपया-दोन रुपयांची नाणी लागेचनात. ती असतात फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटतात, आणि मशीन त्यांना खिळ्यांच्या रांगेत बसवतं. ती गुंडी आता शून्यावर असते. बोल्ट निघाला तर निघाला, ट्रॅक्टरचा टायर वाचतो.

गावात याला मेटल डिटेक्टर कुणी म्हणत नाही. "गुप्तधनाची मशीन आणली की ओ!" असंच म्हणतात. पहिल्याच दिवशी बांधावरून आवाज आला, "काय हुडकायलाव? हंडा घावला का?" हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनापायी नरबळीपर्यंत गेलेले लोक आहेत, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तेही येतं. तेव्हा रात्री बाहेर पडायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय वावरात पाय टाकायचा नाही. 'वीस फुटांवरचं सोनं दाखवतं' म्हणून लाखांत विकणारे फिरतात, त्यांना दारातूनच वाटेला लावा.

कायदाही कडक आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेषात मोडतं. तेर, पैठण, भोकरदन इथे सातवाहनांच्या वेळची वस्ती होती, तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत किंवा दौलताबादसारख्या किल्ल्यापाशी मशीन न्यायचा विचारही करू नका. इंग्लंडातले व्हिडिओ इंग्लंडात.

माझी जुन्यातली कमाई म्हणजे १९४४ सालचा एक भोकाचा पैसा. शेजारच्या आबांनी तो अंगठ्याने पुसला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "ह्यो कलदारातला हाय. आपल्याकडं निजामाचा हाली चालायचा. सात हाली दिले की सहा कलदार." कलदार म्हणजे इंग्रजांचं नाणं, हाली म्हणजे निजामाचं. कुणी परगावाहून आणून पाडला असणार. पैशाचा सिग्नल मात्र वीतभर खोलीवरून खणखणीत होता. बंद कडं असलं की त्यात प्रवाह गोल फिरतो आणि मशीनला चांगलं ऐकू येतं.

याच्या उलट जोडव्याचं. वहिनीचं जोडवं कापूस वेचताना पडलं होतं. ते तोंडाशी उघडं, म्हणजे वेढा तुटलेला. मोटारीत वेढा तुटला की जे होतं तेच इथे, आवाज अगदी पुसट. त्या सरीवरून मी पुढे निघूनही गेलो होतो. परत येताना सेल नवे घातले, कॉइल जमिनीला घासत नेली आणि पऱ्हाटीच्या बुडाशी 'टिर्र' झालं. ढेकूळ मुठीत फोडलं तर आत काळं पडलेलं चांदीचं वेटोळं. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून साडेआठ हजारांचा विषय घरात निघालेला नाही.

आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, जास्त करून मंगळसूत्रासाठी. सोन्याची बारीक चेन या मशीनला जवळजवळ दिसतच नाही, प्रत्येक कडी सुटी असल्यासारखी वागते. वाट्या दिसतात. त्यामुळे पोत तुटून वाट्या वेगळ्या पडल्या असतील तर शोधताना आधी त्यांच्यावर आशा ठेवायची. वस्तू हरवली की सगळ्या गावाने पायाने माती उकरू नये. ज्या ओळीत काम चाललं होतं तिच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवा, वखर फिरवू नका, पाणी सोडू नका, आणि मी येईपर्यंत तिथे खुरपी-विळे पडू देऊ नका. येण्याजाण्याचं पेट्रोल घेत नाही. सहा पेन्सिल सेल मात्र तुम्ही आणायचे, अल्कलाइन.