व्हॉइसची लॅब घरी : जुन्या २८११ची पारख

सीसीएनपी कोलॅबोरेशन या सिस्कोच्या व्हॉइस-व्हिडिओच्या सर्टिफिकेशनच्या तयारीसाठी सिस्कोचा २८११ राउटर सेकंडहँड घ्यावा का, हे ऑफिसमधली ज्युनियर मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. माझं मत : जरूर घ्या. मात्र आत पीव्हीडीएम (आवाज हाताळणारी छोटी पट्टी) आणि मागे व्हॉइस कार्ड असेल तरच. ही दोन्ही नसलेला २८११ कोणी दीड हजारात दिला तरी आपल्या उपयोगाचा नाही. आवाजाचं काम डीएसपी ही चिप करते आणि ती असते पीव्हीडीएमवर.

या राउटरची विक्री २०११ मध्ये बंद झाली, सपोर्ट २०१६ मध्ये संपला. म्हणूनच तो आपल्या खिशाला परवडतो. हिंजवडी-खराडीकडची ऑफिसं जागा बदलतात किंवा सगळं क्लाउडवर नेतात, तेव्हा रॅकच्या रॅक लॉटमध्ये विकले जातात आणि तो माल पेठांमधल्या रिफर्बिश्ड मालाच्या दुकानांत येतो. मी माझा अशाच एका दुकानातून घेतला. पीव्हीडीएम२-३२, दोन एफएक्सएस (साधा फोन लावायचे) आणि दोन एफएक्सओ (एक्स्चेंजची लाइन लावायचे) पोर्ट, सगळं मिळून साडेसहा हजार. दुकानदार भला माणूस आहे, टेबल रिकामं करून देतो आणि हवा तेवढा वेळ बसू देतो. पण त्याच्या लेखी “मॅडम, चालू आहे” म्हणजे दिवा लागतो आणि पंखा फिरतो. पुढची खातरजमा आपणच करायची.

त्यासाठी लॅपटॉप आणि कन्सोल केबल घेऊनच जा. ९६०० बॉडवर जोडून आधी ‘शो व्हर्जन’ बघा. इमेजच्या, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअर फाइलच्या, नावात ‘ॲडव्हएंटरप्राइझके९’ असेल तर निश्चिंत व्हा. मग ‘शो इन्व्हेंटरी’. तिथे पीव्हीडीएमचं नाव दिसलं नाही तर झाकण उघडून घ्या, कारण कधीकधी तो स्लॉटमध्ये नीट बसलेला नसतो. पासवर्ड लागला तर घाबरू नका, बूट होताना ब्रेक देऊन कॉन्फिग रजिस्टर ०एक्स२१४२ केला की आत शिरता येतं. आत आधीच्या कंपनीचं कॉन्फिग सापडलं तर ते ‘राइट इरेज’ करून टाका. लोकांचे एक्स्टेंशन नंबर आणि आयपी आपल्याकडे ठेवू नयेत, एवढं पथ्य मी पाळते.

फोन घेताना ७९६० आणि ७९४० टाळा. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरमुळे ७९६० सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि बाजारात स्वस्तही मिळतो. पण तो ८०२.३एएफ पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज द्यायची प्रमाणित पद्धत) ओळखत नाही. त्याला सिस्कोची जुनी इनलाइन पॉवर तरी लागते नाहीतर ४८ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर, आणि फोनसोबत अडॅप्टर क्वचितच येतो. ७९४२ घ्या, मला प्रत्येकी नऊशेला मिळाले. मेनूमधल्या लोडचं, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरचं, नाव ‘एससीसीपी४२’ ने सुरू होत असेल तर तो फोन कॉलमॅनेजर एक्स्प्रेस या राउटरमधल्याच छोट्या एक्स्चेंजवर लगेच रजिस्टर होतो. जुन्या सेटिंगवर अडकलेल्या फोनला हॅश दाबून धरत पॉवर द्यायची आणि मग १२३४५६७८९*०# हे ओळीने दाबायचं, की कोरा होतो. स्विच मी ३५६०-८पीसी घेतला. आठ पोर्ट, सगळ्यांवर पीओई आणि पंखा नाही. धायरीतल्या वन बीएचकेमध्ये पंखा नसणं ही मोठीच सोय आहे. २८११ स्वतः मात्र भरपूर आवाज करतो. घरात लहान मूल असेल तर तो गॅलरीत किंवा बंद दाराआड ठेवायची तयारी ठेवा.

इथवरचं बरंचसं पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस३ मध्येही करता येतं. व्हॉइस व्हीलॅन, डीएचसीपीचा ऑप्शन १५०, ‘टेलिफोनी-सर्व्हिस’, ईफोन-डीएन, या आयपी फोन चालू करायच्या सेटिंगांसाठी कोणी पैसे घालू नयेत. पैसे घालायचे ते तांब्याच्या तारेसाठी, म्हणजे साध्या फोनलाइनसाठी.

घरात बीएसएनएलच्या काळातला बीटेलचा फोन पडून होता, तो मी एका एफएक्सएस पोर्टला लावला. दुसरा एफएक्सएस पोर्ट त्याच राउटरच्या एफएक्सओला आरजे-११ केबलने जोडला. आता एफएक्सओला वाटतं की पलीकडे एक्स्चेंज आहे. रिसीव्हर उचलला तर अमेरिकन डायल टोन, कारण पोर्टचा ‘सीपीटोन’ (कोणत्या देशाचे टोन, ती सेटिंग) मुळात यूएसवर असतो. तो ‘आयएन’ केला आणि पुन्हा उचलला. माझे बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये होते. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, दोन क्षण ऐकलं आणि म्हणाले, “हा आपला.” मग त्यांनीच समजावलं : आपल्याकडे टोन ४०० हर्ट्झच्या आसपास, एंगेज म्हणजे पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. रिंगबॅकला ०.४ सेकंद आवाज, ०.२ थांबा, परत ०.४ आवाज आणि मग २ सेकंद शांतता. पुस्तकात ‘सुपरव्हायजरी डिस्कनेक्ट’ मी तीनदा वाचूनही कोरडीच राहिले होते, त्या संध्याकाळी ते उलगडलं. पलीकडच्याने फोन ठेवला हे एफएक्सओला कसं कळणार? एक्स्चेंजने बॅटरी तोडून किंवा उलटी करून इशारा दिला तर ठीक. नाही दिला तर एंगेज टोन ऐकूनच ओळखायचं, आणि राउटरवर देश चुकीचा असेल तर तो टोन त्याला ओळखता येत नाही. मग पोर्ट अडकून बसतो आणि कस्टमर ओरडतो, “लाइन बिझी येतेय.” असे कॉल आम्ही खरोखर घेतो.

डायल-प्लॅनही (कोणता नंबर कसा फिरवायचा ते नियम) इथेच पक्का होतो. मी पुण्याचाच धरला : ९ दाबून आठ आकडी लोकल, ९ दाबून ०२२ आणि पुढे मुंबईचा नंबर, ९ दाबून ० आणि पुढे ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल, आणि ११२ थेट, ९ न दाबता. पॉट्स डायल-पीअर (साध्या फोनलाइनवर कोणता नंबर पाठवायचा तो नियम) पॅटर्नमधले ठाम आकडे गाळतो आणि टिंबांवर जुळलेलेच पुढे पाठवतो, हे वाचून ध्यानात राहत नाही. बीटेलची घंटा वाजते तेव्हाच राहतं. ११२ च्या वेळी तर सगळेच आकडे ठाम असल्याने पुढे काहीच जात नाही, तिथे ‘फॉरवर्ड-डिजिट्स ऑल’ लिहावं लागतं. आपत्कालीन नंबरच्या बाबतीत ही गोष्ट सुटणं किती गंभीर आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नक्की करा. ३५६० वर मॉनिटर सेशन (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्यावर) लावून कॉल वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये पकडा. जी.७११ या आवाजाच्या कोडेकला सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज, वर आयपी-यूडीपी-आरटीपीचे ४० बाइट. इथरनेटसकट ८७.२ केबीपीएसचं गणित स्क्रीनवर मांडलेलं दिसतं. आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ वर गेलात की तेच ३१.२ होतं.

आता उणिवा. सध्याच्या ३५०-८०१ परीक्षेत गेटवे आयओएस एक्सई या नव्या सॉफ्टवेअरवर आहे आणि २८११वर जुनं आयओएस. डायल-पीअर, ट्रान्सलेशन रूल यांची भाषा तीच आहे, पण क्यूबच्या (आयपी लाइनींच्या सीमेवरच्या गेटवेच्या) नव्या गोष्टी इथे मिळणार नाहीत. सीयूसीएम (सिस्कोचा मुख्य कॉल सर्व्हर) आणि युनिटी कनेक्शन (व्हॉइसमेल) यांसाठी हा राउटर पुरेसा नाही. त्यासाठी भरपूर रॅमचा लॅपटॉप आणि व्हर्च्युअल मशीन, नाहीतर सिस्कोच्या डेव्हनेटचा मोफत सँडबॉक्स. ऑफिसबाहेरून कॉल जोडणारं एक्स्प्रेसवे, क्लाउडवरचं वेबेक्स हे तर वेगळंच प्रकरण. तरीही परीक्षेची फी ४०० डॉलर आहे आणि माझा राउटर, स्विच, दोन फोन असा सगळा संच बारा हजारांच्या आत बसला. एका क्लासने केवळ सिम्युलेटरवर शिकवायला माझ्याकडून याच्या कितीतरी पट घेतले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बजेट उरलं तर पुढची खरेदी व्हीडब्ल्यूआयसी२ ई१ कार्डाची करा, दोन पोर्टचं. आपल्याकडे पीआरआय, म्हणजे ऑफिसांची डिजिटल फोनलाइन, ई१वर येते, ३० चॅनेल, आणि स्विच-टाइप ‘प्रायमरी-नेट५’. एका पोर्टला ‘प्रोटोकॉल-एम्युलेट नेटवर्क’ दिलं की तोच एक्स्चेंज होतो. मधली केबल मला तापकीर गल्लीत तयार मिळाली नाही. साध्या कॅट५ वायरीवर १ ला ४ आणि २ ला ५ असं दोन्ही बाजूंनी उलटसुलट क्रिम्प करा, लगेच चालते.