फेंडर रंबल ४०: बडोद्याच्या घरात पुरतो, गरब्याच्या मैदानात पुरत नाही

रंबल ४० हा बेस गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा: दहा इंची स्पीकर, ४० वॉट, वजन आठ किलोच्या जरासं वर. दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा अरुंद जिना खांद्याला बेस आणि हातात ॲम्प घेऊन चढता येतो. बेसच्या ॲम्पबद्दल असं फार कमी वेळा म्हणता येतं.

निकाल आधीच सांगून टाकू. घरचा रियाज, चौघांची तालीम आणि स्टेजवरून मिक्सरला लाइन देणं (केबलने सिग्नल पाठवणं), एवढ्यासाठी रंबल ४० घ्यावा. नवरात्रात मैदानावर याच्याच स्पीकरमधून बेस ऐकू जाईल या आशेने घेऊ नये. आणि ४० घ्यावा की पैसे ताणून त्याचा मोठा भाऊ रंबल १०० घ्यावा असा घोळ असेल, तर ४० घेऊन वाचलेल्या पैशांतून चांगल्या तारांचे दोन सेट घ्या आणि बेसचं सेटिंग नीट करून घ्या. आवाजात फरक तिथे पडतो.

कारण साधं गणित आहे. वॉट दुप्पट झाले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. ४० वरून १०० वॉट म्हणजे ४ डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. रंबल १०० चा स्पीकर बारा इंची आहे, त्यामुळे आवाजाला थोडं पोट जास्त येतं, हे खरं. पण जोरात हात टाकणाऱ्या ड्रमरसमोर ४० कमी पडत असेल तर १०० ने सगळा प्रश्न सुटतो असं नाही. त्या कामासाठी सरळ रंबल ५०० च्या वर्गात जावं. त्यातून आतल्या स्पीकरवर ३५० वॉट निघतात आणि ८ ओहमचा बाहेरचा स्पीकर जोडला की ५००. रंबल ४० ला बाहेरचा स्पीकर जोडायची सोयच नाही, तेव्हा ‘पुढे कॅबिनेट (वेगळा स्पीकरचा डबा) लावू’ हा विचार सोडून द्या. उलट्या दिशेने, रंबल २५ स्वस्त पडतो, पण त्याला एक्सएलआर आउट, म्हणजे मिक्सरला लाइन द्यायचा तीन पिनांचा सॉकेट, नाही. स्टेजवर जाणार असाल तर तो कटाक्षाने टाळा.

बहुतेकांचं पहिलं चुकतं ते बास नॉबवर, म्हणजे खालचे स्वर वाढवणाऱ्या बटणावर. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते. दहा इंची स्पीकर तिथे फारसा पोचत नाही. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः ८२ हर्ट्झचा दुसरा स्वर आणि त्याच्यावरचे, आणि खालचा स्वर कान स्वतःच भरून घेतो. बास नॉब पूर्ण फिरवला की ॲम्पची ताकद न ऐकू येणाऱ्या भागात खर्च होते, स्पीकर धापा टाकतो आणि स्वर मात्र पुसट राहतो. बास मधोमध ठेवा, लो-मिड थोडा वर घ्या, ट्रेबल गरजेपुरता. एकट्याने वाजवताना हा आवाज जरा नाकातला वाटेल. ढोल आणि कीबोर्ड सुरू झाले की तोच बरोबर बसतो.

कॉन्टूर बटणाचंही तेच. दाबलं की मधला भाग खाली जातो, खालचा-वरचा उचलला जातो, आणि दुकानात लगेच ‘वा!’ निघतो. दुकानदार ते दाबूनच ऐकवतात. पण गरब्यात खालचा पट्टा ढोलाने आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने आधीच व्यापलेला असतो. बेसला राहायला जागा उरते ती मध्येच. तीच काढून टाकली तर बेस नुसती घरघर होते. कॉन्टूर बंद ठेवा. व्हिंटेज बटण आवाज मऊ, गोल करतं. भावगीतांच्या कार्यक्रमाला छान. ब्राइट नव्या तारांवर नको, जुन्या झालेल्या तारांना जरा तरतरी आणायला ठीक. ओव्हरड्राइव्ह आहे, रॉक वाजवणाऱ्यांचं थोडंफार समाधान करेल, पण त्यासाठी हा ॲम्प घेऊ नये. स्लॅपवाल्यांनी (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्यांनी) लक्षात ठेवावं की यात वरच्या स्वरांचा वेगळा छोटा स्पीकर, ट्वीटर, नाही. वरची खणखण मर्यादितच मिळेल.

गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) लावायची रीत अशी: मास्टर (एकूण आवाज) कमी ठेवा, तुमच्या सगळ्यात जोरदार हाताने ई तार वाजवा, आवाज फाटायला लागेपर्यंत गेन वाढवा आणि मग थोडा मागे या. मोठेपणा पुढे मास्टरनेच. ॲक्टिव्ह बेसचा, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या बेसचा, सिग्नल तगडा असतो, तिथे गेन बराच कमी लागेल. अशा बेसची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवायची. जॅकमध्ये राहिली तर ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते आणि ऐन कार्यक्रमात आवाज करकरतो.

जागेचाही परिणाम मोठा आहे. संगमरवरी किंवा कोटाच्या फरशीवर, खोलीच्या कोपऱ्यात ॲम्प ठेवला तर काही स्वर फुगतात आणि काही गायब होतात. भिंतीपासून हातभर पुढे, भक्कम स्टुलावर ठेवा. तोंड कानाकडे असू द्या, पोटऱ्यांकडे नको. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर हेडफोन जॅक आहे; तो लावला की स्पीकर बंद होतो. ऑक्स इनमध्ये मोबाइलवरचं गाणं लावून रियाज करता येतो.

आता स्टेज. गरब्याच्या मैदानात प्रेक्षकांपर्यंत जाणारा आवाज मोठ्या पीएचाच (मैदानातल्या मोठ्या स्पीकरांचाच) असतो. रंबल ४० तिथे तुमचा खासगी मॉनिटर, म्हणजे स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर. मागच्या एक्सएलआरमधून केबल मिक्सरला द्या आणि साउंड चेक झाल्यावर गेनला हात लावू नका, नाहीतर मिक्सरवाल्याची सगळी पातळी बिघडते. घूं असा आवाज आला तर आधी ग्राउंड लिफ्टचं (लाइनमधला अर्थिंगचा जोड तोडणारं) बटण दाबून पाहा. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेत असले की हा दोष बरेचदा येतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे. पावसाने भिजलेल्या मैदानात जनरेटरवर ती पिनच तुम्हाला वाचवते. ग्राउंड लिफ्टनेही आवाज गेला नाही आणि तारांना हात लावल्यावर कमी होतो असं दिसलं, तर दोष बेसमध्ये किंवा केबलमध्ये शोधा. पी-जे पिकअपच्या बेसमध्ये (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक; पी आणि जे हे त्याचे दोन प्रकार), उदाहरणार्थ यामाहा टीआरबीएक्स १७४ मध्ये, नुसता जे पिकअप उघडा ठेवला तर घूं येणारच, कारण तो सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, असतो. पी पिकअपच्या दोन तुकड्यांची रचना मुळात तो आवाज मारण्यासाठीच आहे.

परदेशातून कोणी आणून दिलेला किंवा जुना ॲम्प घेताना मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर लावताक्षणी संपला.

तारांकडे वळू, कारण रंबल ४० चा आवाज ‘बंद’ वाटतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या बेसवर बहुधा वर्षभर जुन्या तारा असतात. निकेलच्या राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या, खरबरीत) तारांमध्ये डॅडारिओ ईएक्सएल१७० हा सेट (४५-६५-८०-१००, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) नवशिक्यापासून रोज वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना चालतो. अर्नी बॉलचा रेग्युलर स्लिंकी ५०-७०-८५-१०५ आहे, हाताला जड. तो घ्यायचं खरं कारण गाण्याची पट्टी: ई तार डीपर्यंत उतरवली की तिचा ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो, आणि १०० ची तार तिथे लोंबकळून फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आपटते. जाड तार तिथे टिकून राहते. मात्र ४५-१०० साठी कापलेल्या नटमध्ये (मानेच्या टोकाशी तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) जाड तारा अडकून बसतात. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहा, तरी अडकली तर नट कानसून घ्यावा लागेल. तो जाणकाराकडून. खाच जास्त खोल गेली की नटच बदलावा लागतो.

भावगीतं, जुनी हिंदी गाणी, नाट्यगीतं असा ऐवज असेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा लावा. डॅडारिओ क्रोम्सचा ४५-१०० सेट राउंडवाउंडपेक्षा कडक लागतो, महाग पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो, आणि या दहा इंची स्पीकरवर तो विलक्षण शोभतो. बोटं सरकवल्याचा चरचराट नाही. बडोद्याच्या पावसाळ्यात घामाने राउंडवाउंडच्या वेढ्यांत मळ बसतो, तार निस्तेज होते आणि वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने वरून-खालून पुसणं हा सर्वांत स्वस्त उपाय. कोटिंगच्या तारा जास्त टिकतात. तारा उकळून पुन्हा वापरायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. मळ निघतो, थोडे दिवस चमक येते, पण नीट वाळवल्या नाहीत तर गंज धरतात. एखाद्या तातडीच्या कार्यक्रमापुरतं ठीक.

पाकीट घेताना ‘लाँग स्केल’ लिहिलंय का बघा. स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी; नेहमीचा बेस ३४ इंची असतो, शॉर्ट स्केलच्या तारा त्याला पुरत नाहीत.

तार चढवताना खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर जास्त ठेवा, तिथे आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचा वेढा सैल सुटतो आणि तार मेल्यासारखी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली खुपसून दोन-तीन वेढे वरून खाली येतील असे घ्या. एका वेळी एकच तार बदला. चारही तारांचा ताण मिळून साधारण ८० किलो असतो. तो एकदम काढून घेतला की मान जागा सोडते आणि मग स्थिरावायला वेळ घेते.

मग सेटिंग, याच क्रमाने. आधी ट्यून करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट मोजा. ०.३० ते ०.३५ मिलिमीटर हवी. यासाठी वेगळं महागडं अवजार नको. मोटारसायकलचे मेकॅनिक टॅपेटला वापरतात तो फीलर गेज स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने कसा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, कसताना तारा थोड्या सैल करून, आणि पुन्हा ट्यून करून मोजायचं. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा. नंतर तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिलिमीटर, जी खाली २. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवा; दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे. जुन्या तारांवर इंटोनेशन करत बसणं वेळ फुकट घालवणं आहे. शेवटी पिकअप: शेवटचा फ्रेट दाबून ई खाली ३.२, जी खाली २.४ मिलिमीटर. पिकअप तारांच्या फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डगमगतो.

तार खरखरत असेल तर कुठे, ते पाहा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर मान फार सरळ झाली आहे. बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली आहे. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल आहे. एकाच ठिकाणी असेल तर पुढचा फ्रेट उठलाय, तो बसवून किंवा घासून घ्यावा लागतो. आणि ॲम्पमधून ऐकू न येणारी, नुसती लाकडाजवळ कान लावल्यावर येणारी खरखर असेल तर तिच्या मागे लागू नका.

बडोद्यात हे मोजमाप वर्षातून दोनदा करावं: पाऊस सरल्यावर, म्हणजे नवरात्राच्या आठ-दहा दिवस आधी, आणि होळीनंतर हवा कोरडी तापायला लागली की. मान कोणत्या बाजूला झुकेल हे त्या त्या लाकडावर ठरतं, त्यामुळे ‘पावसाळ्यात रॉड कसायचा’ असले सरधोपट सल्ले ऐकू नका, गेजने मोजा. गणपतीत दमट हवेत लावलेली उंची नवरात्राला तशीच राहील हे गृहीत धरू नका.

बेस ट्यूनमध्ये, तारा ताज्या, गेन बेताचा, कॉन्टूर बंद अशा अवस्थेत रंबल ४० ऐका आणि मगच १०० शी तुलना करा. दुकानात जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल न्या. शोरूममधल्या बेसवरच्या तारा कधी बदलल्या होत्या हे कोणी सांगत नाही. एक्सएलआरमधून लाइन काढून मिक्सरवर ऐकवायला सांगा, ऑक्स आणि हेडफोन जॅक हलवून करकर येते का बघा, आणि मोकळी ई जोरात वाजवून जाळी किंवा हँडल थरथरत नाही ना, एवढं पाहून बिल करा.