एस्पेरांतोचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: आघाताच्या धड्यासाठी तरी घ्याच

कोर्स संपून पंधरा दिवस झाले, आता निवांत लिहितेय. एस्पेरांतो ही झामेनहॉफ नावाच्या माणसाने मुद्दाम बनवलेली भाषा, 1887 ला त्याने ती छापली तेव्हा व्याकरणाचे नियम फक्त 16, त्यातला दहावा एका ओळीचा, आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. एवढ्यासाठी पैसे कशाला भरायचे असं मला आधी वाटलं होतं, पण नियम पाठ असतो आणि तोंडात काही बसलेला नसतो.

तिसऱ्या धड्यात सरांनी 'रादिओ' म्हणायला लावलं. आपल्याला रेडिओची सवय, त्यामुळे माझा जोर 'रा'वर गेला. त्यांनी लगेच थांबवलं आणि टाळ्या वाजवत मोजायला लावलं, रा-दि-ओ, तीन टाळ्या, म्हणजे जोर 'दि'वर, आणि जोर आला की स्वर जरा लांबतो, रादीओ. फमिलीओ, हिस्तोरीओ पण तसंच. 'आन्कौ'मधला 'औ' मात्र एकच टाळी, म्हणून तिथे जोर 'आन्'वर.

मला सगळ्यात आवडला तो मित्र-मैत्रिणीचा भाग. अमीको म्हणजे मित्र, अनेकवचन अमीकोय, त्याला कर्माचा प्रत्यय लावला की अमीकोय्न, इथपर्यंत टाळ्या तीनच म्हणून जोर 'मी'वरून हलत नाही, पण मैत्रीण म्हणायचं तर अमिकीनो, एक अक्षर वाढलं की जोर सरकून 'की'वर! शाळेत शुद्धलेखनात उपान्त्य अक्षर शिकलोय ना आपण, गरीब पण गरिबाला, मागे अक्षर वाढलं की 'री'चा 'रि' होतो, ते आठवलं आणि डोक्यात लख्ख बसलं. नियम आपला वेगळा आहे, आपल्याकडे तो ऱ्हस्व-दीर्घाचा, पण शब्दाच्या शेपटाकडून मोजायची सवय आपल्याला आधीपासून आहे, मराठी माणसाला हे खरंच सोपं जातं.

कवितेत शेवटचा 'ओ' गाळतात, अमीकोचं नुसतं अमीक, तरी आघात जागचा हलत नाही, हेही सरांनी गाऊन दाखवलं.

तक्रार एकच, पण मोठी. सरावाच्या ॲपमधला मशीनचा आवाज 'रादिओ'चा जोर सरळ 'रा'वर देतो. धड्यात शिकलेलं सरावात मोडतं, नवीन माणसाचा कान तिथेच बिघडणार. दोनदा कळवलं, अजून तसंच आहे. म्हणून चार स्टार. घेणार असाल तर ॲपचा आवाज बंद ठेवा आणि तिसऱ्या धड्यातलं सरांचं रेकॉर्डिंग लावून रोज दहा मिनिटं टाळ्यांसकट म्हणा.